घराच्या पाठुंगळी स्कूटर

काय दिवस आलेत बघा! आपल्याकडे एका स्कूटरवर नवरा, बायको, दोन पोरं आणि भाजीची पिशवी असं अख्खं घर बसतं. आणि तिकडे इंग्लंडात अख्ख्या घराच्या पाठीवर स्कूटर बसवतात. घर म्हणजे मोटारहोम. पलंग, शेगडी, फ्रीज, संडास, न्हाणी, सगळं चाकांवर. नवं घ्यायचं तर साठ-सत्तर हजार पौंडांना सहज कात्री. माणूस निवृत्त होतो, फंड मोडतो, हे धूड दारात आणतो आणि ‘आता आम्ही मोकळे’ म्हणून शेजाऱ्यांना जळवतो.

मोकळे कसले! पहिल्याच मुक्कामी चहाचं दूध संपतं आणि लक्षात येतं, की दुधाला जायचं तर घरच न्यायला हवं. खुर्च्या मिटा, छत गुंडाळा, विजेची केबल उपटा, कपबश्या कपाटात कोंबा, आणि मग कॉर्नवॉलच्या त्या बोळांत शिरा, जिथे समोरून ट्रॅक्टर आला की अर्धा मैल रिव्हर्स. म्हणून हवी दुचाकी. आणि ती न्यायची कशी? तर स्वस्तात! साठ हजार उडवताना न थरथरलेला हात शंभर पौंडांच्या लोखंडी रॅकपाशी येऊन थरथरतो.

आता हे खूळ काही कालपरवाचं नाही म्हणा. 1885 मध्ये डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स या गृहस्थांनी ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची कॅराव्हॅन खास बांधून घेतली आणि थेट स्कॉटलंड गाठलं. सोबत एक नोकर होता. तो कुठे होता? पुढे, तीन चाकी सायकलवर, ‘बाजूला व्हा, साहेबांचं घर येतंय’ असं सांगत. म्हणजे बंगला चाकांवर आला त्याच दिवशी त्याला धाकटं वाहन लागलं होतं. फरक एवढाच, की ते वाहन स्वतःच्या चाकांनी चालत होतं आणि घोड्यांवर त्याचा बोजा नव्हता.

पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी वेलबाइक नावाची घडीची मोटरसायकल काढली. जेमतेम 32 किलोची, डब्यात घालून पॅराशूटने खाली सोडायची. होंडाने 1981 मध्ये मोटोकॉम्पो काढली, ती होंडा सिटीच्या डिकीत मावावी म्हणूनच. ऐकलं की वाटतं, झालं की काम! पण या गोष्टी आता हौशी संग्राहकांच्या हाती पडल्यात आणि त्यांच्या किमती ऐकून काटकसरवाल्यांना घाम फुटतो. तेव्हा उरते शंभर-सव्वाशे किलोची जुनी, साधी स्कूटर. आणि खरी भानगड तिथे आहे.

कारण हिशेब पौंडांचा नसतोच, किलोंचा असतो. 1997 पासून काढलेल्या साध्या कार लायसन्सवर तिकडे अशी डिझेलची गाडी 3,500 किलोपर्यंतचीच चालवता येते, म्हणून बहुतेक मोटारहोम्स त्या आकड्यात कोंबलेली. माणसं, कपडे, गॅस, पाणी यांच्यासाठी चार-पाचशे किलो उरले तर नशीब. त्यात स्कूटर 110 किलोची आणि रॅक 40 किलोचा. ‘दीडशेच की!’ म्हणतात हे महाभाग. अहो, तरफेचा नियम शाळेत शिकलात की नाही? दोन्ही ॲक्सलमध्ये चार मीटर अंतर आणि स्कूटर मागच्या ॲक्सलच्याही अडीच मीटर मागे लटकलेली. मागच्या ॲक्सलवर दीडशे नाही, सुमारे 245 किलो वाढतात. आणि पुढच्या ॲक्सलवरचे 95 किलो उचलले जातात. यातली बरीच मोटारहोम्स फियाट डुकाटोवर बांधलेली, म्हणजे ओढणारी चाकं पुढे. ओल्या कुरणात मुक्काम केला की सकाळी पुढची चाकं नुसती गरगरतात. मग शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येतो आणि काही न बोलता हसतो. ते हसणं फार लागतं म्हणे.

काहींची तर कमालच. चासीला नीट बोल्ट केलेला रॅक महाग पडतो, म्हणून ट्रेलर ओढायच्या हुकावरच स्कूटर टांगतात. त्या हुकावर साधारण 75 ते 100 किलोंचाच उभा भार चालतो. पण ते वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा नेमका वजन कमी करताना घरी राहिलेला असतो! चढवायला बांधकामाची फळी. नवरा मागून ढकलतोय, बायको हँडल धरून ‘थांबा, थांबा’ ओरडतेय आणि आजूबाजूचे मुक्कामकरी चहाचे मग घेऊन तमाशा बघतायत. यात शहाणा तो, जो स्कूटरचं पुढचं सस्पेन्शन दाबून चारही बाजूंनी रॅचेटचे पट्टे ओढतो आणि दहा मैलांवर थांबून पुन्हा आवळतो. त्याला आपण नावं ठेवणार नाही. बाकीच्यांची नंबरप्लेट आणि दिवे स्कूटरच्या ताडपत्रीमागे गुडुप.

मग भुईकाट्याची भीती. रस्त्यात तपासणीवाल्यांनी थांबवून वजन केलं, तर जादा भाराला 100 ते 300 पौंड दंड, आणि फारच जास्त असलं तर कोर्ट. म्हणून घराबाहेर काय काय पडतं ते ऐका. शंभर लिटरची पाण्याची टाकी रिकामी, म्हणजे शंभर किलो वाचले. मग छत्रीटेबल. मग कास्ट आयर्नचा तवा. मग बाईंचे दोन जोड बूट. स्कूटर मात्र जागची हलत नाही! इटलीत गेलं तर त्या शेपटावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची 50 सेंटिमीटरची चौकोनी पाटी लावावी लागते, तिचाही खर्च वेगळा.

एक मात्र कबूल करायला हवं. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालणारा 516 मैलांचा नॉर्थ कोस्ट 500 हा रस्ता घ्या. त्यात ॲपलक्रॉसकडे जाणारा ब्यालख ना बा घाट आहे. 626 मीटर उंची, एकपदरी रस्ता, आणि पायथ्याशी पाटीच आहे की शिकाऊ चालक, मोठी वाहनं आणि कॅराव्हॅन यांनी इकडे येऊ नये. तिथे घर खाली ठेवून स्कूटरवरून भुर्रकन वर जाणाऱ्याचा हेवा आम्हालाही वाटतो. पण हे कुणाला सांगू नका.

आणि सगळ्यात झणझणीत बातमी शेवटी. सव्वाशे सीसीची स्कूटर घेतलेल्या कितीतरी जणांकडे मोटरसायकलचं पुरं लायसन्स नाहीच. एका दिवसाचं सीबीटी नावाचं प्रशिक्षण घेतलं, लाल ‘एल’ लावला आणि निघाले. या ‘एल’वाल्याला मागे कुणालाही बसवायची परवानगी नाही! म्हणजे जिचे बूट काढून स्कूटरला जागा केली, ती तळावर, आणि साहेब एकटेच गावात मासे-चिप्स खायला. हे कळल्यावर काही बायकांनी म्हणे गुपचूप आपलंही सीबीटी करून घेतलं. आता त्यांना स्वतःची स्कूटर हवी आहे, आणि रॅकवर जागा एकीचीच आहे.