जबडा रजेवर

दाढा घट्ट आवळल्या की जबड्याच्या कोपऱ्यावर, कानाच्या पाळीखाली, एक टणक उंचवटा टरारून वर येतो. बोट ठेवून पाहावं. मॅसेटर त्याचं नाव. भाकरी, चिक्की, उसाचं कांडं, सगळं त्याच्या जिवावर. जन्मभर राबला, कुणी विचारलं नाही. विचारलं ते तक्रार म्हणूनच : हा फार फुगलाय, चेहरा चौकोनी दिसतो. नायकाचा जबडा रुंद असला तर तो करारी. बाईचा असला तर इलाज हवा!

इलाज म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं, बोलीभाषेत बोटॉक्स. हे अस्सल विष. १८२०च्या सुमारास युस्टिनुस केर्नर या जर्मन डॉक्टरनं खराब सॉसेज खाऊन दगावणाऱ्यांचा अभ्यास केला आणि त्या विषाची चव स्वतःही घेऊन पाहिली. केर्नर कवी होता, त्यामुळे या धाडसाचं फारसं नवल वाटत नाही. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरलं, १९८९मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली आणि २००२मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठीही. जबड्याची पाळी दरम्यान येऊन गेली होती. आज सोलमध्ये निमुळत्या हनुवटीपायी हे इंजेक्शन अगदी सर्रास घेतात, आणि आपल्याकडच्या स्किन क्लिनिकांतही त्याची चौकशी होते.

औषध स्नायूला मारत नाही. मज्जातंतूकडून येणारा हुकूम तेवढा अडवतं. हुकूम नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून स्नायू रोडावतो आणि महिना-दोन महिन्यांत गाल आत जातात. मात्र चावण्याचा जोर त्याआधीच, पहिल्या काही आठवड्यांत, उतरलेला असतो. मग कानशिलावरचा स्नायू आणि जबड्याच्या आतल्या बाजूचे त्याचे भाऊबंद जादा ड्यूटी करतात. तीन-चार महिन्यांत मज्जातंतू पुन्हा बोलायला लागतात. इंजेक्शनं वारंवार घेतली तर जबड्याच्या हाडाचं काय, हा प्रश्न उरतोच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत, ओढ कमी झाल्यावर हाड विरळ झालेलं दिसलं आहे.

झोपेत दात खाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आमच्या लहानपणी असल्या मुलाला जंताचं औषध पाजून मोकळे होत. आता मोठी माणसं रात्रभर दाढा घासतात, सकाळी डोकं धरून उठतात, आणि दाढांची झीज डेंटिस्ट आरशात दाखवतो. अशांच्या जबड्याला सक्तीची रजा मिळाली तर माझी तक्रार नाही. दिवसभर साहेबापुढे गिळलेलं रात्री चावायला घेणारा स्नायू फुगणारच.

माझ्या भाचीला मात्र दात खायची सवय नव्हती. तिला फोटोत गाल नको होते. लग्नाच्या महिनाभर आधी तिनं इंजेक्शनं घेतली, आणि फोटो खरंच छान आले. पंचाईत झाली ती रुखवतापाशी. ताईनं हौसेनं केलेल्या काटेरी चकल्या, कडबोळी, डिंकाचे लाडू. तिनं चकलीचा एक वेढा तोडला, दोन-चारदा चावला, आणि जबडा धरून थांबली.

"काय गं?" माझी आई म्हणाली.

"दमले, आजी."

"बसल्या जागी? चकली खाऊन?"

मग मी, मामा या नात्यानं, आईला सगळं समजावून सांगितलं. विषाचं नाव काढल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. किंमत ऐकल्यावर तो खाली आला. लाडू कुस्करून नातीच्या हातावर ठेवत तिनं विचारलं, "अगं, मग नवऱ्यावर दातओठ कशी खाणार तू?"

"तीन-चार महिन्यांत जोर परत येतो, आजी," भाची म्हणाली. "तोवर तो नवाच आहे."