श्रीमंत चिमाजी अप्पांना कोपरच्या सहलकऱ्यांचे तक्रारपत्र

श्रीमंत चिमाजी अप्पा यांचे सेवेसी. विनंती विशेष. डोंबिवलीशेजारच्या कोपरची सहलकरी मंडळी रविवारी वसईच्या किल्ल्यात जाऊन आली. आपण जिंकलेल्या जागेबद्दल त्यांच्या काही तक्रारी आहेत.

प्रवासाबद्दल मात्र तक्रार नाही. कोपरला खालच्या फलाटावर लोकल थांबते आणि जिना चढून वर गेले की दिवा–वसई मार्ग लागतो. भिवंडी रोड, खारबाव, कामण, जूचंद्र करत मेमू वसई रोडला पोचवते. साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडून घ्यायला आपल्याला 1737 ते 1739 लागले. मंडळींनी तेवढी मेमू चुकवायची नसते, कारण पुढची लवकर येत नाही.

मुख्य तक्रार खेळपट्टीची. किल्ल्यात मोकळी जागा भरपूर, पण चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही आणि सीमारेषेच्या जागी चर्चच्या भिंती. तटावर चढले तर कठडा नाही, त्यामुळे सेल्फीत जीव मुठीत धरावा लागतो. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी चांगल्या कमानी आधीच अडवून बसतात. ‘कोल्डप्ले’च्या 2016 च्या गाण्यात हा किल्ला झळकला तेव्हा एवढी गर्दी नव्हती, असे मंडळींपैकी एकाचे म्हणणे. तो तेव्हा आला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

शिवाय बुरूज पडका आहे. तो असा का, हे मंडळींनी विचारले नाही, म्हणून पत्र लिहून देणाऱ्या कारकुनाने सांगितले. मे 1739 मध्ये मराठ्यांनी जमिनीकडच्या बाजूने, तोफांच्या माऱ्याखाली, वाळूत मोर्चे पुढे सरकवले आणि तटाखाली सुरुंग पेरले. सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडले. पण सगळे सुरुंग वेळेवर उडाले नाहीत. उशिरा उडालेल्याने पुढे घुसलेले आपलेच लोक दगावले. किल्ला हाती येईपर्यंत मराठ्यांकडचे पाच हजारांच्या घरात लोक मेले किंवा जखमी झाले, अशी नोंद इतिहासकार ग्रँट डफने केली आहे. किल्ला येत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेने आत उडवा, असे आपण म्हणालात ही आख्यायिका. मेलेल्यांची गोष्ट मात्र आख्यायिका नाही.

मंडळी क्षणभर गप्प झाली. मग कोणीतरी स्पीकर लावला.

स्पीकरला आधार आहे म्हणे. किल्ला हाती येताना झालेल्या तहात आपणच पोर्तुगीज शिबंदीला हत्यारे, निशाणे आणि वाजते नगारे घेऊन बाहेर पडू दिले होते. खरे आहे. पण त्या तहात त्यांना आपले सामानसुमान सोबत नेण्याचीही मुभा होती, आणि त्यांनी ते नेले. मंडळींनी वेफर्सची पाकिटे नेली नाहीत. आपल्या लोकांनीही नेण्यासारखे नेलेच: इथल्या चर्चच्या घंटा आज भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहेत. त्या तिथे अजून टांगलेल्या आहेत. पाकिटांचे भविष्य इतके उज्ज्वल दिसत नाही.

कारकुनाचे मत विचाराल तर खेळायला हरकत नाही. वसईची पोरे याच मैदानांत खेळून मोठी झाली, आणि रणभूमीने कायम सुतकी चेहरा करून बसावे असा नियम कुठेच नाही. स्कॉटलंडात कलोडनला 1746 मध्ये, म्हणजे वसईनंतर सातच वर्षांनी, लढाई झाली. तिथेही लोक फिरायला येतात. पण दोन्ही सैन्यांच्या रांगा कुठे उभ्या होत्या ते निळ्या आणि लाल झेंड्यांनी दाखवले आहे. चालता चालता माणसाला कळते की आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत. वसईत मोर्च्यांच्या वाटेवर असे चार भगवे झेंडे लावले तर चेंडू शोधायला गेलेला पोरगाही काहीतरी शिकून परत येईल.

राहिली भिंतीवर कोरलेल्या बदामाची बाब. तो मंडळींनी कोरला नाही, फक्त त्याच्यासोबत फोटो काढला. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातले संरक्षित स्मारक आहे. असे कोरीवकाम करणाऱ्याला 2010 च्या सुधारित कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. एवढ्या पैशात लग्नाचा हॉल मिळतो.

पुढच्या रविवारी कोपरहून निघणाऱ्यांनी मेमूचे वेळापत्रक बघून निघावे, आधी बुरुजाचे खिंडार पाहावे, मग डाव मांडावा, आणि येताना कचऱ्याची पिशवी भरून आणावी. कळावे.