अष्टमीचं उधाण

विज्ञानकथेच्या जगात ‘ह्यूगो’ नावाचा एक पुरस्कार आहे. १९५३ पासून दिला जातो. रॉकेटच्या आकाराचा, चकचकीत, टोकदार, कपाटात उभा ठेवण्याजोगा. मला आजवर मिळालेल्या पुरस्कारांचा आकारही ठरलेला आहे. गोल, अंगावर करडे केस, डोक्यावर शेंडी आणि शेंडीखाली तीन डोळे. खरं तर परग्रहवासीयाचं याहून हुबेहूब शिल्प कोणाला घडवता येणार नाही. पण आमच्या घरी दुसऱ्याच दिवशी त्याचं वाटण होतं. ह्यूगोवाल्यांचं घोडं इथेच अडतं. लेखक कितीही मोठा असो, ह्यूगोची सोलकढी होत नाही.

नारळाबरोबर शाल येते. त्या सगळ्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. भाईंदरच्या हवेत शाल पांघरायची तर आधी हिमयुग यायला हवं. तशी एक कथा मी लिहिलीही होती. तिच्यासाठी आणखी एक शाल मिळाली.

मी मराठीत विज्ञानकथा लिहितो, त्यामुळे मला वर्षात दोनच दिवस मागणी असते आणि तेही लागोपाठ. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन आणि २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. सत्तावीसला मला ‘विज्ञानाच्या क्षेत्रातले मान्यवर’ म्हणून व्यासपीठावर बसवतात, अठ्ठावीसला ‘साहित्याच्या क्षेत्रातले’ म्हणून. दोन्ही दिवशी बाजूचे खरे मान्यवर माझ्याकडे लग्नातल्या दुसऱ्या बाजूच्या पाहुण्याकडे बघावं तसं बघतात. उरलेलं वर्ष मी गणेशोत्सवातल्या सोसायट्यांवर काढतो. तिथे संगीत खुर्ची आणि महाप्रसाद यांच्यामध्ये वीस मिनिटांची पोकळी असते आणि पोकळीबद्दल कोण बोलणार, तर विज्ञानकथालेखक.

अशाच एका सोसायटीत सूत्रसंचालकाने माईकवर फुंकर मारून जाहीर केलं, “आता आपल्या बी-विंगचे सर आपल्याला सायन्स फ्रिक्शन सांगतील.” मी खालच्या आवाजात दुरुस्ती सुचवली. तेव्हा त्याने लगेच सुधारून घेतलं, “सॉरी, सर ज्योतिषशास्त्राचे अभ्यासक आहेत.” त्या संध्याकाळी माझ्यासमोर तळहातांची रांग लागली. एका आजींना मी कृष्णविवर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्याला शांत करायला काय करावं लागतं?”

प्रश्नोत्तरं हा या कार्यक्रमांचा गाभा. मी भविष्याबद्दल लिहितो म्हणजे मला भविष्य माहीत असणार, असा लोकांचा रास्त समज आहे. मेट्रोचे खांब उभे राहत होते त्या काळात सगळीकडे पहिला प्रश्न एकच असायचा, “सर, मेट्रो कधी चालू होणार?” मी म्हणायचो, मंगळावरच्या वसाहतीबद्दल विचारा. मग मागून कोणीतरी विचारायचं, “तिथे जागेचा काय रेट असेल?” आमच्या भाईंदरमध्ये बहुतेकजण मुंबईत जागा परवडेना म्हणून दहिसरचा चेकनाका ओलांडून आलेले. मंगळाकडेही ते ‘स्टेशनपासून किती लांब’ याच नजरेने बघतात. प्रकाशवर्ष म्हणजे काय, हे मला मराठीत कधीच नीट सांगता आलेलं नाही. पण संध्याकाळी चर्चगेटला विरार फास्ट पकडून भाईंदरला उतरून दाखवा, एवढंच म्हटलं की काळ ताणला जातो म्हणजे नेमकं काय होतं ते सभागृहाला कळतं.

परदेशात हे प्रकरण उलटं असतं. तिथे चाहतेच जमतात आणि लेखकाला बोलावतात. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. फॉरेस्ट अ‍ॅकरमन हा बावीस वर्षांचा चाहता मर्टल डग्लस या मैत्रिणीने शिवलेला भविष्यकाळातला पोशाख घालून तिथे हजर झाला. आज लोक परग्रहवासी होऊन त्या संमेलनांना जातात, त्या प्रथेची सुरुवात अशी झाली. आमच्याकडेही लोक सजून येतात, फक्त त्यांचं वय तीन ते आठ असतं आणि स्पर्धेचं नाव ‘वेशभूषा’ असतं. परीक्षक मी. निकाल आधीच ठरलेला. खाडीपलीकडे चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेला वसईचा किल्ला असताना, अलीकडे चिमाजी अप्पा होऊन आलेल्या मुलाला पहिला नंबर न देणारा परीक्षक घरी कसा जाणार?

अंतराळवीर मात्र दरवर्षी एक तरी असतोच. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. तिकडच्या माणसाला उडती तबकडी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, ती पॉलिश होऊन कशी निघते हेही त्याला ठाऊक असतं. एकदा तिथल्या एका बापाने पोराच्या डोक्यावर हेल्मेट म्हणून नवं कोरं पातेलं बसवलं. ते बसलं ते बसलंच. शेवटी खोबरेल तेल लावून अंतराळवीराला पृथ्वीवर परत आणावं लागलं.

पण माझी खरी फजिती झाली ती दुसऱ्या एका कार्यक्रमात. चारेक वर्षांचा एक मुलगा अंगभर चंदेरी कागद गुंडाळून, दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे त्रिकोण लावून, गोल डोळे रंगवून आला. मला भरून आलं. इतक्या वर्षांत कोणाला तरी परग्रहवासी व्हावंसं वाटलं! मी माईक घेतला आणि बाळाच्या कल्पनाशक्तीवर दोन मिनिटं बोललो. आपल्या आकाशगंगेत अब्जावधी तारे आहेत, त्यातल्या एखाद्यावरून असाच कोणी येईल, त्याला आपण घाबरता कामा नये, वगैरे. मग बाळापुढे माईक धरून विचारलं, “तू कोण आहेस, सांग बरं सगळ्यांना?” बाळ म्हणालं, “पापलेट.”

परग्रहवासी वाटलेलं ते मूल जवळच्या उत्तन या कोळ्यांच्या गावातलं होतं. उत्तनशी माझा पहिला संबंध आला तो असा, दुसरा पुढे.

आयोजकांना माझी ओळख कशी करून द्यावी हा कायम पेच असतो. म्हणून ते सोपं करतात, “आपल्या भाईंदरचे नारळीकर.” मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतलेली. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडलं, की या ना. वि. ज. ची आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर होतात. पुढच्या वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथांची दखल घेतली आणि २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष स्वतः नारळीकरच झाले. हे वाचून मीही एकदा आद्याक्षरं उलटी करून एका स्पर्धेला कथा पाठवली. कोणी ओळखलं नाही. मग लक्षात आलं की सुलटी पाठवली असती तरी कोणी ओळखलं नसतं. नारळांची संख्या धरली तरच मी नारळीकर.

मला हेवा वाटतो तो मात्र ह्यूगोचाही नाही आणि अध्यक्षपदाचाही नाही. लॅरी निव्हन नावाचा अमेरिकन लेखक आहे. त्याने १९७० साली ‘रिंगवर्ल्ड’ कादंबरी लिहिली. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती एक प्रचंड कडं बांधलंय आणि त्या कड्याच्या आतल्या बाजूला माणसं राहतात, अशी कल्पना. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या संमेलनात तिथल्या एमआयटीची पोरं गणितं करून आली आणि हॉटेलच्या बोळांतून घोषणा देत फिरली, “रिंगवर्ल्ड अस्थिर आहे!” म्हणजे असं कडं ताऱ्याभोवती टिकणार नाही, जरा हललं की सरकत जाऊन ताऱ्यावर आपटेल. निव्हनने काय करावं? दुसरी कादंबरी लिहिली, १९८० साली, आणि कड्याला जागेवर ठेवणारी इंजिनं तिच्यात बसवून दिली. माझं पुस्तक वाचून कोणीतरी चिडावं, आकडेमोड करावी, माझ्या जिन्यात येऊन घोषणा द्याव्यात! आमच्या जिन्यात आजवर घोषणा झाल्या त्या पाण्याच्या टँकरवरून.

२०२४ च्या फेब्रुवारीत भाईंदर आणि वसईच्या दरम्यान माणसांना गाड्यांसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि मला एका कथेचा धक्का सापडला. शब्दशः धक्का. परग्रहाचं यान खाडीत उतरतं, लोकांना वाटतं रो-रोची जादा फेरी आहे आणि ते मोटारसायकली घेऊन चढतात. सुरुवात मी झोकात केली होती. अष्टमीची मध्यरात्र, मावळतीला टेकलेला अर्धा चंद्र, बाराचा सुमार, खाडीला आलेलं उधाण आणि त्या फुगलेल्या पाण्यावर अलगद तरंगत आलेलं यान. दिवाळी अंकात छापून आली. दोघातिघांनी ‘छान’ म्हटलं, त्यातले दोघे नातेवाईक.

पुढच्या २८ फेब्रुवारीला उत्तनच्या एका शाळेत बोलावणं आलं. मी फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी काढून भरती-ओहोटी समजावली. अमावास्येला आणि पौर्णिमेला तिघं एका ओळीत येतात, दोघांची ओढ एकत्र होते, म्हणून उधाणाची भरती. अष्टमीला ते काटकोनात येतात, एकाची ओढ दुसऱ्याला मारते, म्हणून भांगाची भरती, पाणी कमी चढतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर कोपऱ्यात बसलेले एक आजोबा उठून आले. पांढरा सदरा, रापलेला चेहरा, बोटं दोरासारखी. कोणा विद्यार्थ्याला न्यायला आले असतील म्हणून मी हसलो. त्यांच्या हातात दिवाळी अंक होता. पानात बोट घालून धरलेला.

“सर, ही तुमचीच ना?”

मी खिशातून पेन काढलं. सही मागणार असं वाटलं.

“आता फळ्यावर तुम्ही सांगितलं ते बरोबर आहे,” ते म्हणाले. “मग गोष्टीत अष्टमीला उधाण कसं आणलं?”

पेन परत खिशात गेलं.

“आणि रात्री बाराला भरती कुठची? तिथीची पाऊणपट करायची. आठ पाऊण सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला सुकती. खाडीत आत थोडा उशीर धरा. तरी तुमचं यान चिखलात रुतलं असतं.”

चाळीस वर्षं समुद्रात बोट नेलेला नाखवा. त्याच्या नातवाने कथा मोठ्याने वाचून दाखवली होती, तेव्हा पहिल्याच परिच्छेदाला त्याने वाचन थांबवलं होतं. आठ पाऊण सहा! पाऊणकीचा पाढा मी शाळेनंतर प्रथमच ऐकत होतो. पंचवीस वर्षं मी ज्या चाहत्याची वाट बघत होतो, तो मुळात चाहता नव्हताच. त्याला यानाचं, परग्रहाचं, मोटारसायकलींचं काही वावगं वाटलं नव्हतं. प्रकाशाच्या वेगाने आलात? या. पण भरतीची वेळ बघून या.

“मग काका, पौर्णिमा करू?” मी पडत्या फळाची आज्ञा घ्यायला तयार होतो.

“कशाला? रुतू दे की. सकाळी सहाला पाणी येईल, तेव्हा निघतील.”

“पण सहा तास ते चिखलात करणार काय?”

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “आमी काय करतो? जेवतो. झोपतो.”

त्या रात्री मी कथा पुन्हा लिहायला घेतली. तिथी तीच ठेवली, फक्त आषाढातली केली, पावसाने जरा रंगत येते. यान खाडीच्या चिखलात रुतलं. आकाशगंगा पार करून आलेले ते प्रगत जीव सहा तास हात चोळत बसले. शेवटी काठावरच्या एका म्हातारीला दया आली आणि तिने त्यांना तव्यावरचे ओले बोंबील खाऊ घातले. ते खाऊन पाहुण्यांनी पृथ्वी जिंकायचा बेत रद्द केला. आधीच्या कथेत हेच काम करायला मला अणुयुद्ध लागलं होतं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा अठ्ठावीस तारखेला उत्तनला गेलो. बोलावणं आलं नसतं तरी गेलो असतो. आजोबा कोपऱ्यात होतेच, नवा अंक घेऊन. कार्यक्रम संपेपर्यंत माझं लक्ष त्यांच्या बोटाकडे. ते पानात होतं.

“तिथी बरोबर,” ते म्हणाले. मी श्वास सोडला. “सुकती बरोबर. चिखल बरोबर.” मी फुलून आलो. “पण सर, आषाढात बोटी शाकारून किनाऱ्याला. नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यात कोण जातंय? त्या बाईला ओले बोंबील कुठनं मिळाले?”

निव्हनचं एका कादंबरीत भागलं होतं. माझी आता तिसरी आवृत्ती येणार होती.

आजोबांनी पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेली एक लांबट पुडी काढून माझ्या हातात दिली. एका टोकाला शेपट्या बाहेर आल्या होत्या.

“सुके आहेत. पुढच्या गोष्टीत हेच घाला.”

परतीच्या बसमध्ये स्टेशन येईपर्यंत माझ्या बाजूची सीट रिकामी राहिली. घरी बायकोने पुडी टेबलावर उभी ठेवली, वास घेतला आणि विचारलं, “हा कुठला पुरस्कार?” मग उत्तराची वाट न बघता म्हणाली, “बरं, कालचा तो सत्कार फोडा. वाटणाला लागेल.”