बोहारीण पाहिजे

बेंगळुरूच्या इतिहासातला जुन्या मालाचा सगळ्यात मोठा सौदा एका मराठी माणसानं काढला होता. शहाजीराजांचे चिरंजीव एकोजी तंजावरच्या गादीवर बसले, तिथंच रमले, आणि मागं राहिलेल्या बेंगळुरूची उस्तवार लांबून परवडेना. तेव्हा त्यांनी गावच विकायला काढलं. गिऱ्हाईक म्हैसूरचे चिक्कदेवराज वडियार, बोली तीन लाख रुपये. सौदा पुरा व्हायच्या आत, १६८७ साली, औरंगजेबाचा सरदार कासिमखान मधे घुसला, त्यानं गाव बळकावलं आणि त्याच गिऱ्हाइकाच्या गळ्यात त्याच तीन लाखांना मारलं. तसा एकोजींचा माल तरी कुठं कोरा होता? केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेलं गाव १६३८ मध्ये विजापूरकरांनी घेतलं आणि मग शहाजीराजांना जहागिरीत दिलं. तीन लाखांत आज इंदिरानगरला टू बीएचकेचं डिपॉझिट भागेलच असं नाही. पण दुसऱ्या गावी जाताना जुनं विकायला काढायचं आणि मलई मधल्यानं खायची, ही इथली रीत तेव्हापासूनची.

हल्ली एकोजींच्या जागी प्रॉडक्ट मॅनेजर आहेत. व्हाइटफील्ड, बेलंदूर, सर्जापूर रोड, कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिनाअखेरीला कुणी ना कुणी अमेरिकेला किंवा गुरुग्रामला निघालेलं असतं आणि त्याचा 'मूव्हिंग आउट सेल' लागलेला असतो. त्या यादीवरून माणसाचं चरित्र लिहावं. ट्रेडमिल (टॉवेल वाळत घालण्यापुरती वापरलेली), गिटार (चार तारा शाबूत), ओव्हन (टाळेबंदीत अख्ख्या शहरानं ब्रेड भाजायला घेतला होता, त्या काळातला) आणि आर्थिक स्वातंत्र्य कसं मिळवावं यावरची पाच पुस्तकं, पहिल्या प्रकरणापर्यंत हाताळलेली. किमतीत मात्र माणसाची माया उतरलेली असते. अठ्ठावीस हजारांची वस्तू, चार वर्षं वापरून, 'फक्त पंचवीस'. पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात हा भाव सांगून बघा. दुकानदार आधी पाणी देईल.

आणि कोरमंगल्यात ही माया दुकान मांडून बसली आहे. तिथं जुना कपडा जुना नसतोच. कोपरावर विरलेला शर्ट व्हिंटेज असतो, आणि गेल्या पिढीतल्या कुणा काकांनी अंगणात सायकल पुसायला काढलेलं जाकीट अठराशे रुपयांना मंद दिव्याखाली टांगलेलं असतं. तेच जाकीट रविवारी चिकपेटेच्या बाजूला, फुटपाथवर भरणाऱ्या बाजारात दीडशेला मिळतं. पण तिथं ते घेतलं तर आपण गरीब ठरतो आणि इथं घेतलं तर पृथ्वी वाचवणारे. वरचे साडेसोळाशे पृथ्वीचे.

विकण्याचं एक वेळ ठीक. निदान समोरचा 'नको' म्हणू शकतो. मला भीती वाटते ती दान करणाऱ्यांची.

दिवाळीच्या आधी सोसायटीच्या लॉबीत एक भला मोठा खोका येतो. त्यावर हसऱ्या मुलाचं चित्र असतं. त्या चित्राकडे बघत माणसं आत काय काय टाकतात! एका पायाचा बूट. इलॅस्टिक गेलेली चड्डी. झाकण नसलेला मिक्सर आणि मिक्सर नसलेलं झाकण. दहा किलोंपूर्वी अंगाला बसणारी शेरवानी. आणि या शहराचं खास पीक म्हणजे कंपन्यांचे टीशर्ट. बेंगळुरूत कंपनी उघडताना आधी टीशर्ट छापतात, मग काय विकायचं ते ठरवतात. कंपनी दीड वर्षात गुंडाळते, टीशर्ट मात्र चिवट. उद्या रायचूरकडे एखादा शेतकरी छातीवर 'आम्ही जग बदलतोय' असं इंग्रजीत मिरवत नांगर धरून उभा दिसला, तर हसू नका. निदान त्याचा धंदा चालू आहे.

अशा दिलेल्या कपड्यांवर काम करणारी 'गूंज' ही संस्था अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये सुरू केली ती घरातल्या कपाटातल्या ६७ कपड्यांवर. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचा नेम साधा आहे: गावानं विहीर खणावी, बांध घालावा, रस्ता दुरुस्त करावा आणि मोबदल्यात कपडे न्यावेत. म्हणजे घेणारा मिंधा नाही. एवढा स्वच्छ विचार ज्या संस्थेचा, तिच्याही गोदामात आपल्या चड्ड्या पोचतातच. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत दात्यांनी पाठवलेल्या कपड्यांचे असे डोंगर साचले की ते निस्तरायलाही गूंजलाच जावं लागलं. समुद्राचं पाणी ओसरलं होतं, आपली करुणा ओसरायला तयार नव्हती. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा तर हात जोडून सांगायची पाळी आली की बाबांनो, जुने कपडे पाठवू नका. ज्यांच्या घरात छातीभर पाणी, त्यांनी आमच्या कपाटातला पूर तेवढा झेलावा अशी आमची माफक अपेक्षा होती.

ही वेळ पूर्वी का येत नव्हती? कारण मधे बोहारीण होती. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीवर गाठोडं, आणि नजर आयकर अधिकाऱ्याची. आई म्हणायची, "अगं, दोनदाच नेसलेय." बोहारीण ती साडी उन्हात धरायची, पदर ताणायची, जरीला नख लावायची आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "वहिनी, ह्याचं पायपुसणं करा." चार साड्या नि दोन पँटींवर एक पातेलं, त्यावर झाकणासाठी अर्धा तास घासाघीस, आणि शेवटी बाबांचा नेहमीच्या वापरातला शर्ट बळी. तिच्यासमोर कुणी दानशूर झाल्याचं ऐकिवात नाही. फाटकं ते फाटकंच, आणि ते आपल्याच घरी राहायचं.

ती गेली आणि खोका आला. खोक्याला तोंड असतं, जीभ नसते. आता ते 'नको' म्हणायचं काम, आपण घरात नसताना, दुसरंच कुणी करतं. बेंगळुरूत कचरावेचकांना संघटित करणाऱ्या 'हसिरु दळा'च्या मुळाशी नलिनी शेखर आहेत. त्या आधी पुण्यात, १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कामात होत्या. म्हणजे आमचा सुका कचरा निवडायची विद्यासुद्धा पुण्याहूनच आली. आता 'हसिरु दळा'च्या बाया शहरानं टाकलेल्या चिंध्या निवडत बसतात: हे अंगावर घालण्याजोगं, हे पुसण्याजोगं, हे कशाच्याच कामाचं नाही. दात्याला त्यातलं काही ऐकू येत नाही. त्याला फक्त आभाराचा मेसेज येतो, हिरव्या पानासकट.

म्हणून मी सोसायटीच्या सभेत ठराव मांडला की खोका काढा, बोहारीण आणा. सस्टेनेबिलिटी कमिटीला कल्पना फार आवडली, पण फाटकावरच्या अॅपमध्ये तिला आत सोडायचं कसं? डिलिव्हरी, कॅब, पाहुणे, घरकाम. बोहारणीचं बटणच नाही. पाहुणे म्हणावं तर ती पार्किंग मागणार. शेवटी 'रीव्हर्स लॉजिस्टिक्स कन्सल्टंट' या नावानं तिला परवानगी द्यावी, असं बहुमतानं ठरलं.

बातमी फुटली, कारण हे बेंगळुरू आहे. दुसऱ्याच दिवशी चौदाव्या मजल्यावरचे एक गुंतवणूकदार लिफ्टमध्ये भेटले. दारोदार फिरणारी बाई, रोकडा नाही, भांड्यांचं चलन, गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं, हे सगळं त्यांना पटलं होतं. पैसे घालायला तयार होते. त्यांची शंका एकच होती.

"ती जी 'नको' म्हणते ना," ते म्हणाले, "तेवढं काढता येईल का?"