डावीकडच्या सीटवरचा उपग्रह

(सहकुटुंब प्रवासासाठी दिशादर्शक यंत्र निवडू पाहणाऱ्या सद्गृहस्थांना काही सूचना)

दिशादर्शकांच्या जाती चार. पहिली, काचेला रबरी चकतीने चिकटवायचे स्वतंत्र यंत्र. ही आता दुर्मीळ झाली आहे; ज्यांच्याकडे आहे ते ती जपून ठेवतात आणि वापरतात फोन. दुसरी, गाडीतच बसून आलेला मोठा पडदा. शोरूममध्ये त्यावर नकाशा झळकतो, घरी आल्यावर गाणी वाजतात. तिसरी, खिशातला फोन. चौथी, दाजी.

पहिल्या तिन्ही जाती दुकानात मिळतात, नापसंत पडल्यास बदलता येतात. चौथी बहिणीच्या लग्नात घरात येते. कोणाकडे ती काका या नावाने असते, कोणाकडे मामेसासरे म्हणून. नाव काहीही असो, गाडी निघताना ती चालकाच्या डाव्या हाताला येऊन बसते, सीट मागे सरकवते आणि म्हणते, "चला. तो फोन बंद करा आधी."

आमच्या दाजींची पात्रता मोठी आहे. शेतीपंप विकण्याच्या निमित्ताने त्यांनी सातारा, सांगली, रत्नागिरी असे तीन जिल्हे आधी एस.टी.ने, मग स्कूटरने आणि शेवटी कंपनीच्या जीपने पालथे घातले. तेव्हा रस्ते कमी होते आणि जे होते ते दाजींना माहीत होते.

नियम पहिला : यंत्राला आपण कुठे आहोत हे कसे कळते, ते समजून घ्यावे. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. प्रत्येक उपग्रह स्वतःची जागा आणि वेळ सांगत असतो; यंत्र चार उपग्रहांचे ऐकते आणि आपला ठिकाणा काढते. तीन जागेसाठी, चौथा घड्याळाची चूक काढण्यासाठी. मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरिकांसाठीच्या संकेतात मुद्दाम खोट घालत असे, ती नंतर काढली. आपल्या देशाचेही 'नाविक' आहे, २०१६ साली त्याचे नामकरण झाले. उपग्रहावरचे घड्याळ सापेक्षतेच्या नियमांमुळे जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळते. तेवढे दुरुस्त केले नाही, तर एका दिवसात कित्येक किलोमीटरची चूक साचेल.

दाजींचे घड्याळ १९८८ च्या सुमारास थांबले, आणि ते अद्याप कोणी दुरुस्त केलेले नाही.

त्यामुळे त्यांच्या सूचना बिनचूक असूनही पाळता येत नाहीत. "पिंपळापाशी डावीकडे घे." पिंपळ चौपदरीकरणात गेला. "पुढे थिएटर लागेल." तिथे आता मंगल कार्यालय आहे. "मग डाव्या हाताला एक दुकान, म्हाताऱ्याचं." म्हातारा गेला, दुकान गेले, आता डाव्या हाताला उड्डाणपुलाचा खांब आहे. दाजी खांबाकडे नाराजीने पाहतात आणि म्हणतात, "हे कधी केलं यांनी?" चूक खांबाची, हे उघड आहे.

नियम दुसरा : मार्ग निवडण्याचा अधिकार कोणाचा, हे निघण्यापूर्वी ठरवावे. हा नियम सर्वांत महत्त्वाचा असून आजवर कोणी पाळल्याचे ऐकिवात नाही. पुण्याहून गुहागरला जायचे म्हटले की तीन वाटा. ताम्हिणीने माणगाव, मग महामार्गाने महाड, कशेडी, खेड, चिपळूण. दुसरी, भोरवरून वरंधा घाटाने महाड. तिसरी, सातारा रस्त्याने उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून थेट चिपळूण. यंत्राला विचारले तर ते मिनिटे मोजते आणि एक वाट निळी करते. दाजी मिनिटे मोजत नाहीत. त्यांच्या हिशेबात पाटणला त्यांचा एक जुना डीलर आहे, त्याच्याकडे चहा झाल्याशिवाय कोकणात उतरणे म्हणजे बेअदबी. हा थांबा कोणत्याही नकाशात नाही. यंत्र अर्धा तास उशीर दाखवत राहते, डीलर पोह्यांचा आग्रह करत राहतो.

वाद घालू नये. तरी घालायचाच असेल तर पावसाळ्यात घालू नये. कारण वरंधा घाट दरडींमुळे पावसाळ्यात कधी अवजड वाहनांना, कधी सगळ्यांनाच बंद असतो. त्याचा आदेश जिल्हाधिकारी काढतात, तो पेपरात येतो आणि दाजी पेपर पहिल्या पानापासून निविदांपर्यंत वाचतात. यंत्र मात्र कधी कधी त्याच घाटाची निळी रेघ आनंदाने दाखवत असते. हे एवढे गांभीर्याने सांगतो : पावसात रस्त्यावर पाणी दिसले किंवा पूल दिसेनासा झाला, तर रेघ काहीही म्हणो, गाडी थांबवावी. बंधाऱ्याचे पाणी किती चढले हे वरच्या उपग्रहाला ठाऊक नसते.

नियम तिसरा : दिवे घाटाला 'डाइव्ह' आणि पेणला 'पेन' म्हणणारा आवाज ताबडतोब बदलावा. वडीलधाऱ्या माणसांसमोर बरे दिसत नाही.

नियम चौथा : आता थोडे कामाचे, कारण दाजींवर लिहिता लिहिता मार्गदर्शन राहूनच जाईल. नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवावा. उपग्रहाला मोबाइलची रेंज लागत नाही, पण नकाशाचे चित्र रेंजवरच येते, आणि ताम्हिणीत रेंज जाते. मग निळा ठिपका कोऱ्या कागदावर एकटाच चालत राहतो. पौड सोडण्याआधी पेट्रोल भरावे. फोन डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नये. तापला की तो अंधूक होतो, मग बंद पडतो, आणि हे नेमके फाट्यावर होते. एसीच्या झरोक्याला अडकवायचा स्टँड घ्यावा. प्रवासाचा प्रकार 'दुचाकी' वर राहिला नाही ना, हे पाहावे. नाहीतर यंत्र तुम्हाला कोणाच्या तरी परसातून, वाळत घातलेल्या कुरडयांच्या कडेने नेते. 'टोल टाळा' हे बटण चालू करण्याआधी खिशाबरोबर गाडीच्या पाट्यांचाही विचार करावा. आणि उड्डाणपूल आला की आपला आपण निर्णय घ्यावा. पूल वर, सर्व्हिस रोड खाली, दोन्हींची जागा नकाशावर जवळजवळ एकच; यंत्राची तिथे बऱ्याचदा गफलत होते, आणि पुलावर चढल्यावर "उजवीकडे वळा" असे ऐकणे धीराचे काम आहे.

चार्जिंगची वायर स्वतःची ठेवावी. मागच्या सीटवरची तरुण मंडळी ती पळवतात. इतक्या शिकलेल्या मुलांना घरून स्वतःची वायर आणता येत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

नियम पाचवा : वाट विचारण्यात कमीपणा मानू नये. यंत्राचा भक्त कधीच विचारत नाही. काच वर, एसी चालू, तोंड पडद्याकडे. दाजी काच खाली करतात आणि कोणाला विचारायचे हे त्यांना नेमके कळते. पाटी बघणाऱ्या पोराला नाही, मोटारसायकलवर फोन कानाला लावलेल्याला तर नाहीच. स्टँडवर बिडी ओढत उभा असलेला एस.टी.चा ड्रायव्हर, दुधाच्या टेम्पोवाला, नाहीतर पंक्चरवाला. "काय मामा, घाट चालू हाय का?" उत्तर येते त्यात दरड कुठे आली, एकेरी वाहतूक कुठे आहे, पुढचा पंप चालू आहे की नाही, असे सगळे असते. शिवाय मामा निघतो पाटणच्या डीलरचा मावसभाऊ. हे कोणत्या उपग्रहावरून कळते, ते मला अजून समजलेले नाही.

तरीही दाजींचा आणि यंत्राचा एकाच गाडीत निभाव लागणे अवघड. यंत्र म्हणते, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." दाजी म्हणतात, "सरळ." यंत्र निमूटपणे नवा मार्ग काढते, रागवत नाही, टोमणा मारत नाही. दाजींचे म्हणणे आपण एकदा डावलले, तर ते खिडकीबाहेर पाहत बसतात आणि दोन तासांनी, काहीही संबंध नसताना, म्हणतात, "आमचं कोण ऐकतंय." मागून बहीण म्हणते, "अहो, गप्प बसा ना." मग गाडीत खरोखरची शांतता पसरते.

यावर उपाय एकच, आणि तो यंत्र विकणारा सांगणार नाही.

नियम सहावा : यंत्राचा आवाज बंद करून फोन दाजींच्या हातात द्यावा. सुरुवातीला ते नको म्हणतील. मग चष्मा काढतील, पुसतील, परत लावतील. पाच मिनिटांनी नकाशा दोन बोटांनी मोठा करतील आणि त्यांना पहिल्यांदा दिसेल की पिंपळाच्या जागी आता नेमके काय आहे. त्यानंतर सगळ्या सूचना त्यांच्याच तोंडून येतात. "तीनशे मीटरवर डावीकडे घे." आपण घेतो. "मी सांगितलं होतं की नाही?" आपण म्हणतो, होय दाजी. पुढे पुढे ते यंत्रालाही शाबासकी देऊ लागतात : "बरोबर बोलतंय हं हे, हाच रस्ता आमच्या वेळी होता." आणि ज्या फाट्यावर यंत्र चुकते, तिथे ते पडदा मांडीवर उलटा ठेवतात आणि नुसता हात वर करून सरळ दाखवतात. तिथे त्यांचे ऐकावे.

एकच काळजी घ्यावी. फोन तुमचा द्यावा, दाजींचा वापरू नये. त्यांच्या फोनमध्ये सुप्रभाताची इतकी चित्रे साठलेली असतात, की कोकणचा नकाशा उतरवायला जागा उरत नाही, आणि त्यातले एकही ते पुसू देत नाहीत.