खरखरीचा बंदोबस्त

जुन्या तबकड्या संगणकात उतरवून घेणारा माणूस हळूहळू गाणं ऐकेनासा होतो. त्याला गाण्याच्या मागचंच ऐकू यायला लागतं. घरातलं कुणी म्हणतं, "काय गोड ठुमरी आहे हो," आणि हा हेडफोन घट्ट धरून म्हणतो, "डावीकडून जरा घूं येतंय." त्याला लग्नाला न्यावं, तर सनईऐवजी तो स्पीकरच्या वायरी बघत बसतो.

त्याचाही सगळाच दोष नाही. तबकडी हॉलच्या कोपऱ्यात वाजत होती तेव्हा तिची खरखर पंख्यात, बोलण्यात, रस्त्यावरच्या रहदारीत मिसळून जायची. हेडफोन लावल्यावर तीच दोन कानांच्या मधोमध ठाण मांडते. त्यात संगणक ती पडद्यावर दाखवतो. गाण्याचा निळा पट्टा आणि त्यातून एकदम ताठ वर गेलेली रेघ, म्हणजे ओरखडा. कानाने ऐकलेलं माणूस एक वेळ सोडून देईल. डोळ्यांनी पाहिल्यावर त्याचा हात शिवशिवतोच.

अशा वेळी बहुतेक जण ऑडॅसिटी उघडतात. सन 2000 पासून फुकट मिळणाऱ्या या प्रोग्रॅमवर अनेकांचे हात बसले आहेत. सगळं गाणं निवडायचं, 'नॉइज रिडक्शन' दाबायचं, की झालं, अशी समजूत असते. माझं म्हणणं वेगळं आहे. प्रत्येक खरखरीला एक मालक असतो. आधी तो शोधावा आणि ज्याची खरखर त्याच्या पदरात घालावी. संगणकाचं दार सगळ्यांत शेवटी ठोठवावं.

सगळ्यांत सहज सापडणारी मालकीण म्हणजे वीज. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे तिचं घुमणंही 50 आणि पुढे 100, 150 अशा पटींत येतं. सुईकडून निघणारा संदेश जेमतेम काही मिलिव्होल्टचा. तो शेकडो पटींनी वाढवायचा म्हटलं, की वाटेत शिरलेलं सगळंच वाढतं. रेकॉर्डप्लेअरच्या मागे एक बारीक, एकटीच वायर लोंबत असते. ती अँप्लिफायरच्या स्क्रूला बांधायची असते, आणि नेमकी तीच "ही कशाची आहे कोण जाणे" म्हणून गुंडाळून ठेवलेली असते. ती बांधूनही घूं राहिलं, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा. पुष्कळदा घूं चार्जरबरोबरच जातं आणि बॅटरी संपेपर्यंत परत येत नाही.

काहींची तक्रार उलटी असते. घूं नसतं, पण गायकाचा आवाज पातळ, किरकिरा आणि लांबून आल्यासारखा लागतो. इथे दोष तबकडीचा नसतो, मधला फोनो प्रीअँप वगळलेला असतो. तबकडी कापताना खर्जाकडचे सूर मुद्दाम दबके ठेवतात, नाहीतर चर इतकी रुंद होईल की एका बाजूवर फारसं काही मावायचं नाही. तीव्र सूर उलट चढवतात. वाजवताना प्रीअँपने हे सारं पुन्हा उलटं करायचं, म्हणजे तीव्र सूर जागेवर येताना त्यांच्याबरोबर सुईची सळसळही खाली येते. हा चढउतार किती असावा, हे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने 1954 साली ठरवलं आणि पुढे जगाने ते मानलं. म्हणजे खरखरीचा पहिला बंदोबस्त संगणकाच्या कितीतरी आधी, तबकडी कापतानाच झालेला असतो. आपण फक्त तो मोडायचा नसतो.

तिसरा मालक आपलं घर. कुकरच्या शिट्ट्यांना लोक उगाच घाबरतात. जोडणी थेट वायरीने असेल, तर शिट्टी फारशी आत येत नाही. येतात ते हादरे. शेजारच्या खोलीत खलबत्त्यात वेलदोडे कुटले, दार आपटलं, कुणी फरशीवर दणदण चाललं, की सुई ते इमानेइतबारे टिपते. खयाल विलंबित आणि मध्येच वेलदोड्यांची द्रुत लय, असा प्रकार होतो. स्पीकर बंद ठेवावेत, प्लेअर भक्कम टेबलावर ठेवावा आणि घरातल्यांना विनंती करावी. विनंतीला मर्यादा असतात, कारण हे काम घाईने होत नाही. वीस मिनिटांची बाजू उतरवायला वीस मिनिटंच लागतात. जग कितीही वेगवान झालं, तरी एलपी तबकडी मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वर यायला तयार नाही.

मग धूळ. मुंबईच्या पावसाळ्यात तबकड्यांना बुरशी लागते आणि पुण्याच्या कोरड्या थंडीत व्हिनाइल घासलं गेलं, की स्थिर विजेने खोलीभरची धूळ गोळा करतं. तेव्हा हवामान कुठलंही असलं, तरी सुटका नाही. मऊ ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, कापूस न सोडणारं फडकं आणि चरीच्या दिशेने फिरणारा हात, एवढ्यानेच निम्मी टकटक जाते. मात्र 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीला स्पिरिट लावू नये. ती लाखेपासून बनलेली असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. गाणं स्वच्छ होण्याऐवजी पातळ होऊन फडक्यावर उतरतं.

धुळीचाच एक मानवी भाऊ आहे. सुई उड्या मारते म्हणून तिच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवणारे काका बऱ्याच घरांत होऊन गेले. एलपीवर सुईचा भार साधारण दीड-दोन ग्रॅम असावा लागतो. काकांचं नाणं एकटंच त्याहून जड. उडी थांबायची, आणि सुई चरीत नांगरणी करायची. आज तीव्र स्वरांवर जी फाटकी घरघर येते, तिचे मालक पुष्कळदा हे काका असतात. आता त्यांना बोलून उपयोग नाही, आणि संगणकालाही ती घरघर नीट काढता येत नाही.

एवढं सगळं झाल्यावर जे उरतं, त्यासाठी संगणक. कडेकडून मध्याकडे गेलेला ओरखडा एलपीवर दर 1.8 सेकंदांनी टकटकतो, म्हणून तो लगेच ओळखू येतो. त्यातली एकेक टक मोठी करून बघावी आणि 'रिपेअर' म्हणावं. तो प्रोग्रॅम एका वेळी 128 नमुन्यांपर्यंतच, म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने धरले तर तीन मिलिसेकंदांहूनही कमी तुकडा दुरुस्त करतो. आजूबाजूची लाट बघून मधली जागा अंदाजाने भरतो आणि कानाला पत्ता लागत नाही. काम कंटाळवाणं आहे, पण तांदूळ निवडण्यातही दुसरं काय असतं? खडा दिसला, उचलला. सगळ्या गाण्यावर एकदम 'क्लिक रिमूव्हल' फिरवणारा मात्र खड्यांबरोबर तांदूळही फेकतो. तबल्याची चाट, टाळ, चिपळी, घुंगरू यांची सुरुवात ओरखड्याइतकीच तीक्ष्ण असते. त्या प्रोग्रॅमला त्यातला फरक कळत नाही. भजन स्वच्छ होतं आणि टाळकरी घरी जातो.

सळसळ काढण्याची रीत आणखी भाबडी आहे. संगणकाला आधी नुसत्या सळसळीचा तुकडा दाखवायचा आणि सांगायचं, "हे नको." मग तो गाणंभर तसलं जे जे सापडेल ते उतरवतो. तुकडा गाणं सुरू होण्याआधीच्या मोकळ्या चरीतून घ्यायचा असतो. आता शास्त्रीय संगीताच्या एलपीवर गाण्याआधी काय असतं? तानपुरा. तो हळूच सुरू झालेला असतो आणि खरखरीत चटकन लक्षात येत नाही. तुकड्यात तेवढा सापडला, की संगणकाचा निकाल ठरलेला. सतत चालू आहे, बदलत नाही, कुणाच्या अध्यातमध्यात नाही, म्हणजे कचरा! मग बुवा निराधार गात राहतात. त्यांच्या टिपेच्या सुरांभोवती नसलेली किणकिण उमटते आणि ज्याच्यावर अख्खा राग उभा, तोच मैफलीतून उठवला जातो.

यंत्राची यात चूक नाही. त्याला सतत आणि खंडित, मोठं आणि लहान एवढंच कळतं. हवं काय आणि नको काय, हे सांगणारा माणूस लागतो, आणि तेही काळाबरोबर बदलतं. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केलं. गाणं संपलं, की त्या इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात छापायच्या होत्या, तिथल्या कामगारांना कुणाची कुठली ते कळावं म्हणून ही सोय, असं सांगतात. गाण्याच्या हिशोबाने ती पुकार फालतूच. पण आज कुणी ती कापून टाकली, तर रेकॉर्ड जमवणारी मंडळी त्याला जेवायला बोलावणार नाहीत.

तेव्हा माझा सल्ला साधा आहे. विजेची घूं, घरातले हादरे आणि धूळ यांना बिलकूल दयामाया दाखवू नका, कारण त्यांचा गाण्याशी काही संबंध नाही. ओरखडे हाताने, एकेक करून काढा. सळसळ मात्र निम्मीच उतरवा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ऐका. थोडी खरखर राहिली तर ती उद्याही काढता येते; गेलेला तानपुरा परत घालता येत नाही. आणि हात लावण्याआधीची मूळ फाइल वेगळी ठेवा. 24 बिट, 96 किलोहर्ट्झला वीस मिनिटांची एक बाजू साधारण 700 एमबी होते. त्याहून जास्त जागा आपल्या फोनमध्ये 'सुप्रभात'च्या चित्रांनी अडवलेली असते. पुसायचंच असेल, तर आधी ती पुसा.