शिखर आधी, घाट नंतर

घाट पाहायला निघालेल्या जालनेकराने पहिले पथ्य पाळावे: चढ शोधत बसू नये. कोकणातला माणूस घाट चढून माथ्यावर येतो. जालनेकर जन्मतःच पठारावर असतो. अजिंठ्याची डोंगररांग दक्षिणेकडे गोदावरीच्या बाजूने हळूहळू उतरते आणि उत्तरेकडे तापीच्या खोऱ्यात कड्यासारखी तुटते. त्यामुळे भोकरदन-सिल्लोडच्या वाटेवर चढ असला तरी गाडीलाही कळत नाही. शिखर आधी येते, घाट नंतर.

चढल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी आदल्या रविवारी अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी चढून यावी. ही टेकडी माशाच्या आकाराची आहे असे सांगतात. मासा शोधण्याच्या नादात दम लागल्याचे लक्षात येत नाही.

वाटाड्याची निवड हा नाजूक विषय. भोकरदन तालुक्यातल्या असईच्या लढाईत, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आर्थर वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितले की केळणा नदीला जवळपास उतार नाही. साहेबाने पाहिले तर दोन्ही काठांवर समोरासमोर गावे. शेजारी गावांची ये-जा असणार, म्हणजे उतारही असणार, असे ताडून त्याने फौज पाण्यात घातली आणि लढाई जिंकली. मोबाइलवरच्या बाईने ‘यू-टर्न घ्या’ म्हणून हेका धरला, तर हीच रीत वापरावी. गावे पाहावीत, बाईकडे दुर्लक्ष करावे. पावसाळ्यात मात्र वेलस्ली होऊ नये.

सिल्लोडनंतर अजिंठा गाव येते आणि तिथून पुढे फर्दापूरकडे घाट उतरू लागतो. इथे गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी आणि मागच्या सीटवरच्या ‘थांबा, फोटो!’ या आरोळीला वळणावर तरी भुलू नये.

माथ्यावरून खाली पाहण्याची परंपरा जुनी आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी वाघाच्या शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला वाघूर नदीच्या दरीपलीकडे अजिंठ्याची लेणी दिसली. तो खाली उतरला आणि दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातल्या खांबावर आपले नाव, तारखेसकट, कोरून ठेवले. त्याच्याकडून फक्त वरून पाहणे शिकावे. नाव कोरण्याची विद्या आपल्याकडे उपजतच आहे, तिला इंग्रजी शिकवणीची गरज नाही.

लेण्यांसाठी सोमवार टाळावा. त्या दिवशी ती बंद असतात. इतर दिवशी आपली गाडी फर्दापूरच्या फाट्याजवळ सोडून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. ‘आमच्या ओळखीचे आहेत’ हे वाक्य तिथे चालत नाही.

परतीला मात्र तोच घाट चढायचा असतो. शिखर गाठल्याचा आनंद साजरा करायला कुणी माथ्यावर उतरलेच, तर समोर कपाशी आणि मक्याचे सपाट रान दिसेल. फोटो उतरतानाच काढून घ्यावेत.